चामखिळीसकट

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट होऊन व्यक्तिचित्राकडे वळणाऱ्या मुलांच्या उपयोगी पडेल असे काही असावे, म्हणून हे मनोगत.

माणूस आहे तसा, दोषांसकट दाखवणे याला इंग्रजीत 'वॉर्ट्स अँड ऑल' म्हणतात. वॉर्ट म्हणजे चामखीळ. चेहऱ्यावरच्या पुटकुळ्या, चामखिळी सगळे दिसते तसे रंगवा, नाहीतर छदामही देणार नाही, असे इंग्लंडचा सतराव्या शतकातला सत्ताधीश ऑलिव्हर क्रॉमवेल याने चित्रकार पीटर लेलीला बजावले, ही कथा इंग्रज लेखक होरेस वॉलपोलने छापली ती १७६० च्या दशकात. क्रॉमवेल वारला १६५८ मध्ये, म्हणजे शंभर वर्षे आधी; तेव्हा कथेवर पुरता भरवसा ठेवता येत नाही. शिवाय लेलीने तो चेहरा सॅम्युअल कूपरच्या लघुचित्रावरून घेतला, असे अभ्यासक मानतात. म्हणजे ओठाखालची ती चामखीळ खरी न्याहाळली कूपरने. त्याचे चित्र अपुरेच आहे: चेहरा पूर्ण, अंगरखा कच्चा. मला त्यातच त्याची निष्ठा दिसते.

त्या काळचे लघुचित्रकार वासराच्या कातड्याचा पातळ पापुद्रा पुठ्ठ्यावर चिकटवून त्यावर डिंकात खललेले जलरंग वापरत. डिंक जास्त झाला की रंग तडकतो, कमी पडला की बोटाला लागतो. आधी कातडीच्या रंगाचा सपाट थर, मग बारीक रेघांनी छाया.

आता आपल्या कागदावर. चामखीळ शेवटी ठिपका देऊन उरकू नका. ती टिकलीसारखी चिकटवलेली दिसते. पहिल्या रेखाटनातच तिची जागा मोजा: ओठाच्या कोपऱ्यापासून किती, हनुवटीपासून किती. माप डोळ्याच्या रुंदीचे घ्या. ती डाग नाही, उंचवटा आहे. म्हणून उजेडाच्या बाजूला फिकट कड, पलीकडे छाया आणि त्याखाली कातडीवर पडलेली बारीकशी सावली. रंग कातडीचाच, जरा तांबूस. काळा मुळीच नको. सगळ्यात पांढरा ठिपका डोळ्याच्या बुबुळासाठी राखा. तो चामखिळीवर गेला की नजर तिथेच अडकते आणि व्यक्तिचित्राचे व्यंगचित्र होते.

शेवटी चार पावले मागे सरून बघा. डोळ्यांआधी चामखीळच दिसली, तर तिच्या कडा अजून फार ठळक आहेत. ब्रश स्वच्छ पाण्यात बुडवून निथळा आणि सावलीकडची कड तेवढी हलक्या हाताने विरघळवा.