वाडा मोजला, धावही मोजली

रविवार, रात्री दहा

आज सकाळी निफाडची थंडी अशी होती की पेन धरवत नव्हतं. द्राक्षबागांतून रात्रभर पेटवलेल्या शेकोट्यांचा धूर अजून खालीच रेंगाळत होता. तरी आठला आमच्या मळ्यातल्या वाड्यावर पोचलो, कारण जुन्या लाकडाचा व्यापारी यायचा होता. तो आला, खांब नखानं टोकरून पाहिले, तुळया मोजल्या, घनफुटाचा हिशेब केला. ‘साग आहे. दरवाजासकट उचलतो, माती-विटा तुमच्या,’ म्हणाला. काका ओट्यावर बसून ऐकत होते. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

तो गेल्यावर मी वही आणि टेप काढला. काही ठरायच्या आत वाडा निदान कागदावर तरी यावा, एवढंच मनात होतं.

ओसरी पाच खणांची. मधे चौक, पलीकडे माजघर. अर्ध्या भागावर अजून धाब्याचं छत आहे, दर पावसाळ्याआधी त्यावर खारी माती टाकावी लागते. उरलेल्या अर्ध्यावर पत्रे आले. माजघराच्या भिंतीत बळद आहे. वरून धान्य ओतायचं तोंड, खाली मुठीएवढं भोक, त्याला कापडाचा बोळा. तो बोळा आज मी काढला. आत हात घातला तर बाजरीचे चार काळे पडलेले दाणे आणि कडुनिंबाच्या पाल्याचा भुगा. किती वर्षांचा, कोण जाणे. आजी सांगायची, बळद भरलं की मगच घरात लग्नाचा विषय निघायचा.

पालखेडच्या डाव्या कालव्याचं पाणी आलं आणि बाजरी मागं पडली. बळद रिकामं राहिलं, कांदा पडवीत आला. लासलगावची बाजार समिती १९४७ ची, इथून बैलगाडीच्या टप्प्यात. पडवीच्या भिंतीला खालच्या बाजूनं हवेसाठी पाडलेली भोकं आहेत, ती कांद्यासाठीच. मग द्राक्षं आली आणि त्याच पडवीत औषधाचे ड्रम लागले. चुन्याच्या भिंतीवर बोर्डोचे, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकाचे, निळे डाग आहेत. एकाच घराच्या भिंतींवर तीन पिकं वाचता येतात.

चौकात पूर्वी चावडी भरायची. १९६२ च्या कायद्यानं पाटीलकी गेली, दप्तर गेलं. त्याच्याही आधी कुळकायदा. १ एप्रिल १९५७ ला कसणारी कुळं जमिनीची मालक ठरली, आमच्या सातबारावरची पुष्कळ नावं बदलली. घरात त्याची हळहळ मी लहानपणी ऐकली आहे. मला ती कधी पटली नाही. हा चौक ज्यांच्या कष्टावर उभा राहिला, त्यांच्या नावावर जमीन झाली, हे बरोबरच झालं. वाड्याचा इतिहास लिहायचा तर तो फेरफारही लिहायला हवा.

नाशिकचा सरकारवाडा राज्य संरक्षित स्मारक आहे, आणि ते योग्यच आहे. पण शेतकऱ्याच्या घराची अशी नोंद कोण घेणार? आणि घेतलीच, तर नुसत्या नक्षीदार खांबांची घेऊन भागणार नाही. बळद घ्या, गोठा घ्या, विहीर घ्या.

विहिरीपाशी गेलो तेव्हा काका मागून आले. थारोळ्याच्या, म्हणजे बैलांनी ओढलेल्या चामडी मोटेचं पाणी पडायचं त्या कुंडाच्या, दगडी काठाला बोटभर खोल खाच आहे, आतून काचेसारखी गुळगुळीत. काकांनी तिच्यात बोट फिरवलं. ‘कणा मोडला होता, तवा सोंदूर दगडावरूनच घासत होता. दोन हंगाम.’ मोटेचा जाड दोर म्हणजे नाडा, तो वरच्या चाकावरून; तिच्या सोंडेचा बारीक दोर म्हणजे सोंदूर, तो खालच्या कण्यावरून, म्हणजे लाकडी रुळावरून, एवढं मला ऐकून माहीत होतं. दगड कापला जाईपर्यंत मोट चालली, हे आज दिसलं.

‘मोजतोस तर धाव पण मोज,’ काका म्हणाले. धाव म्हणजे मोट ओढणाऱ्या बैलांची विहिरीपासूनची उतरती वाट. बैल पुढं जातील तेवढी मोट वर येते, म्हणजे पाणी जितकं खोल तितकी धाव लांब. आमच्या धावेला दोन शेवट आहेत. पहिल्याला घडीव दगड, पुढं नुसती भर टाकून वाढवलेला तुकडा. पाणी खाली गेलं म्हणून आजोबांनी वाढवला. बाहत्तरच्या दुष्काळात तीही पुरेना. विहीर आणखी खोल नेली आणि मोटेच्या जागी इंजिन बसलं, ते कायमचंच.

टेपला गवत अडकत होतं, म्हणून काकांनी पावलांनीच मोजायचं ठरवलं. गुडघे दुखतात त्यांचे, तरी काठी माझ्या हातात देऊन उतारावरून निघाले. घडीव दगडापर्यंत सतरा पावलं. तिथं थांबले, श्वास घेतला, पुन्हा चालू लागले. शेवटापर्यंत चोवीस.

‘लिहिलं का?’ त्यांनी खालून विचारलं.

लिहिलं. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि व्यापाऱ्याला सांगितलं, या आठवड्यात येऊ नका, आमचं मोजायचं चाललंय.

उद्या गोठा.