नंबरी पाहुणा

टाळ्या वाजवून, फडकं झटकून, चार शब्द ऐकवूनही जे कबूतर कठड्यावरून हलत नाही, त्याच्या पायाकडे आधी बघावं. पायात रिंग दिसली तर पुढच्या शिव्या आवरत्या घ्याव्यात. ते बहुधा शर्यतीचं असतं, लांब कुठेतरी सोडलेलं, आपल्या घरी परतायला निघालेलं आणि वाटेत दम संपला म्हणून आपल्याकडे उतरलेलं. रोज घाण करून जाणाऱ्या कबुतरांची आणि याची जात एकच. दोघांचाही मूळपुरुष कड्याकपारीत राहणारा रानपारवा. पण याची ऐट निराळी. छाती भरदार, मान ताठ, पिसं अंगाला चापूनचोपून बसलेली, आणि आपण अगदी जवळ गेलो तरी ‘बरं, मग?’ असा चेहरा. माणसांच्या हातातच लहानाचं मोठं झालेलं असल्यामुळे त्याला आपली भीती नसते आणि अप्रूपही नसतं.

माझ्याकडे असंच एक येऊन बसलं. अंधार पडायला आला तरी हलेना. मांजराचा विचार मनात आला आणि मी ते उचलून घरात घेतलं. उचलायची रीत अशी: तळहात पोटाखाली, दोन्ही पाय दोन बोटांच्या बेचक्यात आणि अंगठा पाठीवरून टाकून पंख मिटलेले धरायचे. हाताला पहिलं जाणवलं ते छातीच्या मधोमध असलेलं हाड. अंगातलं सगळं उडण्यात खर्ची पडलं की दोन्ही बाजूंचं मांस उतरतं आणि त्या हाडाची धार बोटांना लागते. विष्ठा हिरवीगार आणि पाण्यासारखी, म्हणजे पोटात काही नाही. जखम मात्र कुठे नव्हती. असती, आणि त्यातून मांजराच्या दाताची असती, तर पशुवैद्याकडेच पळावं लागलं असतं. ती भोकं बारीक दिसली तरी पक्षी त्यातल्या जंतूंनी दगावतो. पुठ्ठ्याचं खोकं, त्याला भोकं, खाली वर्तमानपत्र, एवढ्यावर आमची व्यवस्था भागली.

पाण्यासाठी उथळ बशी चालत नाही. बहुतेक पक्षी चोचभर पाणी घेतात आणि मान वर करून गिळतात. कबूतर चोच बुडवून ठेवतं आणि मान खालीच ठेवून पाणी ओढून घेतं. मी खोलशी वाटी पुढे केली. त्याने चोच घातली, गळ्याची पिसं एका लयीत हलायला लागली, आणि वाटीच्या कडेवरची पाण्याची रेघ माझ्या डोळ्यांदेखत खाली सरकली. तहान भागणं इतक्या जवळून मी कधी पाहिलं नव्हतं. मग मका, गहू, मसूर, सुके वाटाणे, सगळं कच्चं. पाव आणि दूध यांच्या वाटेला जायचं नसतं. साहेबांनी आधी वाटाणे वेचले, मग मका, आणि गव्हाचे दाणे चोचीने उडवून खोलीभर केले. उपाशीपणीही आवडनिवड शाबूत होती, हे मला मनापासून आवडलं.

इथपर्यंत सगळं सोपं. अवघड जातं ते पुढचं. आपण जीव वाचवलेला असतो, तेव्हा समोरच्याने थोडीफार ओळख दाखवावी एवढी माफक अपेक्षा असते. मनातल्या मनात नावही ठरून गेलेलं असतं. हा प्राणी मात्र खातो, पितो आणि उजेडाकडे तोंड करून बसतो. मी शेजारी बसून गप्पा मारत असे. एक लालसर डोळा माझ्याकडे वळे, तोही हातात वाटी आहे का एवढं बघण्यापुरता. गाडी बदलायला उतरलेला प्रवासी स्टेशनमास्तरकडे जितक्या जिव्हाळ्याने बघतो, तितकाच त्याचा माझ्याशी संबंध. त्याचं सगळं चित्त दुसऱ्याच एका छपरावर होतं, आणि ते छप्पर कुठे आहे हे त्याला माहीत होतं, मला नव्हतं.

मला कळायचा मार्ग एकच, त्याची रिंग. शर्यतीच्या पिल्लाला ती पहिल्या आठवड्याच्या आसपास घालतात. पुढची तीन बोटं जुळवून त्यांवरून सरकवायची, मागचं बोट पायाला लावून धरायचं आणि मग अलगद सोडवून घ्यायचं. थोड्याच दिवसांत पाऊल वाढतं आणि ती बिनजोडाची रिंग जन्माची होऊन बसते. तिच्यावर देशाची किंवा शर्यतवाल्यांच्या संघटनेची अक्षरं, जन्माचं साल आणि क्रमांक. दुसऱ्या पायात अनेकदा चिप बसवलेली रिंग असते, ती घरी पोचल्याची वेळ नोंदवण्यासाठी. काही मालक पंखाच्या पिसांवर फोन नंबरचा शिक्काही मारतात, तेव्हा पंख हळूच उलगडून बघावा.

रिंगवर विसंबून राहण्याचा एक भन्नाट किस्सा आहे. २०२० च्या डिसेंबरात मेलबर्नमधल्या एका घराच्या आवारात असंच थकलेलं कबूतर आलं. रिंगवरून ते अमेरिकेतलं, ओरेगॉनच्या शर्यतीतून ऑक्टोबरात नाहीसं झालेलं ठरलं. प्रशांत महासागर ओलांडला म्हणजे जहाजावर बसून आलं असणार, असा तर्क निघाला. ‘जो’ असं नाव पडलं, बातम्या झाल्या, आणि परदेशी पक्ष्याबरोबर रोग येतील म्हणून सरकारी अधिकाऱ्यांनी त्याला मारायचं ठरवलं. तेवढ्यात अमेरिकेतल्या संघटनेने कळवलं की रिंगच बनावट आहे, खरा क्रमांक वेगळ्याच रूपाच्या कबुतराचा. ‘जो’ ऑस्ट्रेलियातलाच निघाला आणि वाचला. कागदपत्रं खोटी निघाल्यामुळे सुटका होण्याचं भाग्य किती जणांना लाभतं!

माझ्या पाहुण्याची रिंग अस्सल होती. क्रमांक संघटनेला कळवल्यावर मालकांचा फोन आला. नमस्कार झाल्यावर पहिला प्रश्न, “विष्ठा कशी आहे?” मी रंगासकट वर्णन केलं. “यंदाचंच पिल्लू आहे,” ते म्हणाले, “हरवतात ती बहुतेक यंदाचीच.” ससाणा मागे लागतो, वारा उलटा फिरतो, पाऊस गाठतो, तारेला धडक बसते. “दोन दिवस विश्रांती घेऊ द्या. मग स्वच्छ सकाळ बघून सोडा.” मी विचारलं, पार्सलने पाठवायची सोय करू का? “कशाला? पत्ता त्याला पाठ आहे.”

सगळे मालक असे नसतात. वाट चुकलेलं कबूतर परत घेऊन करायचंय काय, असं सरळ सांगणारेही असतात. याच छंदात २०२० साली न्यू किम नावाची बेल्जियमची मादी १६ लाख युरोंना विकली गेली. बाकीच्यांची किंमत मागे पडताच शून्य. घरच्या ओढीवर ज्याला पळवायचं, त्यालाच उशीर झाला म्हणून घर नाकारायचं, हा हिशेब मला पटत नाही. पाळीन म्हटलं तरी अशा कबुतराची मान उजेडाकडेच वळलेली राहणार.

पत्ता पाठ असतो म्हणजे काय, हे शोधण्यात पुष्कळ शास्त्रज्ञांची हयात गेली. सूर्यावरून दिशा कळते, हे पक्कं. पण सूर्य सरकतो, म्हणून सोबत अंगातलं घड्याळ लागतं. कबुतरांना बंद खोलीत ठेवून दिव्यांच्या मदतीने त्यांचा दिवस सहा तास सरकवला, तर उन्हात सोडल्यावर ती घरापासून जवळजवळ काटकोनात निघतात. हे वाचल्यापासून रात्री त्या खोलीचा दिवा लावायची माझी हिंमत झाली नाही. आभाळ भरलेलं असेल तर पृथ्वीचं चुंबकत्व उपयोगी पडत असावं. इटलीत फ्लोरियानो पापी यांनी १९७० च्या दशकात दाखवलं की वास घेण्याची शक्ती बंद केली तर अनोळखी जागेवरून घर सापडत नाही. आणि ओळखीच्या टापूत आली की ती चक्क हमरस्ता धरून उडतात, हे ऑक्सफर्डच्या संशोधकांनी नोंदवलंय.

एवढं सगळं असून २९ जून १९९७ ला फ्रान्समधल्या नांत इथून इंग्लंडकडे सोडलेल्या साठ हजारांहून जास्त कबुतरांपैकी बहुतेक घरी पोचलीच नाहीत. ब्रिटनमधल्या संघटनेच्या शंभराव्या वर्षाची शर्यत होती ती. जॉन हॅगस्ट्रम या भूशास्त्रज्ञाचं म्हणणं असं की कबुतरं आपल्याला ऐकू न येणाऱ्या खोल आवाजांवरून वाट काढतात, आणि इंग्लिश खाडी ओलांडताना नेमकी वरून गेलेल्या, आवाजाहून वेगवान अशा काँकॉर्ड विमानाच्या धमाक्याने ती बहिरी झाली. सगळ्यांना हे पटलेलं नाही. त्या हजारोंपैकी कितीतरी कुणाच्या ना कुणाच्या कठड्यावर उतरली असतील, फडकं झटकलं तरी न हलता.

विष्ठेला गोळीचं रूप आणि वर पांढरा ठिपका आला, तसा एका निरभ्र सकाळी मी खोकं उघडलं. त्याने दोन घिरट्या घातल्या आणि निघालं. दुपारी मालकांचा फोन. खुराड्याच्या दारातल्या पट्टीवर चिपच्या रिंगसकट पाऊल पडताच यंत्राने वेळ नोंदवली होती, सेकंदासकट. शर्यतीत प्रत्येक कबुतराचं घर वेगळ्या अंतरावर असतं, म्हणून मिनिटाला किती मीटर हा वेग काढून नंबर लावतात. चांगल्या हवेत हजार-बाराशेचा आकडा सहज येतो. शर्यत केव्हाच संपली होती, तरी गंमत म्हणून त्यांनी याचाही हिशेब केला होता. मिनिटाला पन्नास मीटरसुद्धा भरले नाहीत.

“रमतगमत चालणारा माणूस आधी पोचला असता,” ते हसत म्हणाले, “तुमचा मुक्काम धरलाय त्यात.”