पुणे ते रत्नागिरी किनाऱ्याने: पाच दिवस, एक ॲक्सेस, एक बुलेट आणि तीन फेरीबोटी

निघायच्या आधी मी बरंच शोधलं, पण स्कूटरवर किनाऱ्याने कोकण करायचं तर नेमकी काय तयारी लागते हे मला पाहिजे तसं कुठेच मिळालं नाही, जे मिळालं ते सगळं मोठ्या बाइकवाल्यांचं. म्हणून हे सविस्तर लिहितेय, कोणाला उपयोग झाला तर आनंदच आहे.

गाड्या दोन. माझी ॲक्सेस १२५ स्कूटर, पाच वर्षं जुनी, रोज ऑफिसला जाणारी, निघताना किलोमीटर २८ हजारच्या पुढे. धाकट्या भावाची बुलेट, म्हणजे क्लासिक ३५०, स्पोकच्या चाकांची. माणसं तीन, कारण आई म्हणाली मी पण येते, ती आळीपाळीने दोघांच्या मागे बसली. डिसेंबरचा पहिला आठवडा, गुरुवार ते सोमवार. मुद्दाम सुट्ट्यांचा वीकेंड टाळला आणि नाताळच्या आधी गेलो, त्यामुळे राहायला जागा सगळीकडे आयत्या वेळी मिळाल्या.

रस्ता असा: पुणे, मुळशी, ताम्हिणी, माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. तिथून बागमांडला ते वेसवी फेरीबोट, मग केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरुड (दापोलीचं मुरुड, जंजिऱ्याचं नाही). पुढे दाभोळ ते धोपावे दुसरी बोट, गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ ते जयगड तिसरी बोट, मालगुंड, गणपतीपुळे, आरेवारे, रत्नागिरी. येताना चिपळूण, कुंभार्ली घाट, पाटण, उंब्रज, सातारा, पुणे. सगळं मिळून सातशे किलोमीटरच्या आसपास.

पहिल्याच दिवशी ताम्हिणीत जे झालं ते आधी सांगते कारण स्कूटरवाल्यांना त्याचाच सगळ्यात जास्त उपयोग आहे. निघायच्या आधी गाडी सर्व्हिसिंग करून घेतली होती, मागचा ब्रेक लूज वाटतोय असं सांगितलं होतं, तो त्यांनी टाइट करून दिला. शहरात काही जाणवलं नाही. ताम्हिणी गाव सोडलं आणि विळ्याकडे उतार सुरू झाला, वळणावर वळण, आई माझ्या मागे, सामान पुढे पायाशी, मी सारखा डावा ब्रेक धरून उतरत होते आणि थोड्या वेळाने जळका वास यायला लागला. आधी वाटलं पुढच्या ट्रकचा असेल. मग डावा लिव्हर दाबला तर नेहमीपेक्षा खूप आत गेला आणि गाडी पाहिजे तशी थांबेना. पुढचा ब्रेक हळूहळू धरून कडेला घेतली. मागच्या ड्रमजवळ, म्हणजे चाकाच्या मध्यातल्या ब्रेकच्या डब्याजवळ, हात नेला तर चुलीजवळ नेल्यासारखी धग. चाक मेन स्टँडवर उचलून हाताने फिरवून बघितलं, एक पूर्ण फेरा पण होईना, म्हणजे ब्रेक शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवतात ते) पुण्यापासून घासतच आले होते आणि वरून घाटात मी सारखा ब्रेक धरलेला.

भाऊ पाण्याची बाटली घेऊन आला होता, त्याला थांबवलं. तापलेल्या ड्रमवर गार पाणी कधी ओतू नका, तडा जाऊ शकतो, आणि आत पाणी गेलं तर ब्रेक आणखी लागत नाही. सावलीला उभी करून अर्धा तास थांबलो. गार झाल्यावर मागच्या चाकापाशी ब्रेकच्या केबलच्या टोकाला जो नट असतो तो पान्याने दोन आटे सैल केला, चाक हाताने मोकळं फिरलं, लिव्हर परत जागेवर आला. पुढे पाच दिवस काही त्रास नाही. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी मेन स्टँडवर लावून मागचं चाक हाताने फिरवून बघा, एका मिनिटाचं काम आहे.

आता घाट उतरायचं कसं ते. बाइकवाला दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर टाकतो आणि इंजिनच गाडी धरून ठेवतं. स्कूटरला गिअर नाही, पण याचा अर्थ इंजिन अजिबात धरत नाही असा नाही. वेग बरा असेल तोपर्यंत थ्रॉटल सोडलं की थोडं धरतं. अगदी हळू झालात की आतला आपोआप चालणारा क्लच सुटतो आणि गाडी मोकळी पळायला लागते, तेव्हा किंचित थ्रॉटल द्यायचा, क्लच परत पकडतो, मग सोडायचा. ब्रेक सलग धरायचा नाही, वळणाच्या आधी दोन्ही मिळून ठामपणे लावायचा आणि सोडायचा, म्हणजे ड्रमला गार व्हायला वेळ मिळतो. आणि पेट्रोल वाचवायला उतारावर इंजिन बंद करणारी माणसं मी या प्रवासात पण बघितली, असं कृपा करून करू नका.

हरिहरेश्वरला अंधार पडायच्या आत पोचलो. मंदिरामागचा प्रदक्षिणेचा खडकाचा रस्ता भरतीच्या वेळेला धोक्याचा असतो, ओहोटी कधी आहे ते गावात विचारूनच जा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बागमांडल्याला पहिली बोट. तिकडे याला जंगलजेटी म्हणतात. खाली सावित्रीची खाडी, अलीकडे रायगड जिल्हा, पलीकडे रत्नागिरी. पंधरा मिनिटांचा प्रवास, दुचाकीचं भाडं शंभराच्या आतच होतं, पण ते बदलत असतं. पहिल्यांदा जाणाऱ्यांना बोटीत गाडी चढवायची भीती वाटते, मलाही वाटत होती. बोटीची पुढची लोखंडी फळी धक्क्यावर टेकते, ती ओली असते, आणि ओहोटी असेल तर धक्क्याचा खालचा शेवाळलेला भाग उघडा पडलेला असतो, तिथेच गाड्या घसरतात. मागच्या माणसाला आधी उतरवून चालत पाठवा. दोन्ही पाय खाली, सरळ रेषेत, एकसारखा थोडा थ्रॉटल, आणि त्या लोखंडावर पुढचा ब्रेक अजिबात नाही. माझ्यापुढे एकजण अर्ध्यात घाबरून थांबला आणि पुढचा ब्रेक दाबला, चाक तसंच सरकलं, बोटीवरच्या दोन पोरांनी कॅरिअर धरलं म्हणून वाचला.

बोटीत लावल्यावर बाइक गिअरमध्ये ठेवता येते, स्कूटरचं काय करायचं? आईने तिच्या केसांचा जाड रबर काढून दिला, तो डाव्या ब्रेकच्या लिव्हरवर आणि ग्रिपवर दोन वेढे घालून लावला, ब्रेक धरलेला राहिला, गाडी जागची हलली नाही. मागच्या चाकाला बोटवाल्याने लाकडाची पाचर पण लावली. तिन्ही बोटींना तोच रबर वापरला, अजून माझ्या डिकीत आहे.

वेसवी ते केळशी रस्ता अरुंद, चढउताराचा, कडेला जांभ्याची लाल माती आणि बारीक खडी. वळणाच्या आतल्या बाजूला ती खडी जमते, तिथे गाडी वाकवायची नाही. समोरून एसटी येते तेव्हा ती रस्ता पूर्ण खाते, ड्रायव्हरचा पण इलाज नसतो, म्हणून आंधळ्या वळणावर हॉर्न वाजवायचा आणि समोरून हॉर्न आला तर आपण आधीच कडेला थांबायचं. इथे स्कूटर खरोखर बरी पडली. बुलेट १९५ किलोची, माझी गाडी शंभरेक किलोची, केळशीच्या वाडीतल्या बोळात वाट चुकलो तेव्हा मी जागच्या जागी वळवली आणि भावाला मागे ढकलताना घाम फुटला, शेवटी एका घरातले काका येऊन हात लावून गेले. उलट सरळ चढावर दोघं बसलेले असताना तो आरामात जायचा आणि माझी गाडी तीसवर यायची. मी तिला तीसवरच जाऊ दिली, पिळली नाही.

आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती चुकवू नका, वरून हर्णैच्या बाजूला समुद्रात सुवर्णदुर्ग दिसतो. हर्णै बंदरावर संध्याकाळी माशांचा लिलाव होता, गर्दीत गाडी नेऊ नका, वर लावून चालत उतरा, जमीन माशाच्या पाण्याने निसरडी असते. मुक्काम मुरुडला. घरगुती खोली, काकूंच्या हातची सुरमई आणि सोलकढी. आई शाकाहारी, तिला बिरड्याची उसळ करून दिली न मागता.

एक गोष्ट कळकळीने सांगते. मुरुड-कर्द्याचा किनारा सपाट आणि घट्ट दिसतो, लोक गाड्या घालतात, फोटो काढतात. घालू नका. हिवाळ्यात याच किनारपट्टीवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, वेळास आणि आंजर्ल्याला लोक ती घरटी जपतात, आणि आपण त्याच वाळूवरून चाक फिरवायचं हे बरोबर नाही. गाडीचं पण वाटोळं होतं, खारं पाणी बेअरिंगमध्ये जातं आणि चेनला दोन दिवसात तांबेरा चढतो. नुसत्या किनाऱ्याच्या हवेने सुद्धा भावाच्या चेनवर तिसऱ्या दिवशी लाली दिसली, त्याने चेनला लावायच्या ल्यूबची (वंगणाची) बाटली आणली होती ती कामाला आली.

तिसरा दिवस सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात लांबलेला. दाभोळला वाशिष्ठीची खाडी, बोट नसती तर चिपळूणवरून शंभरेक किलोमीटरचा वळसा. ही बोट २००३ पासून चालू आहे आणि माझ्या डोळ्यासमोर बोटीत शाळेची पोरं, नारळाचा टेम्पो, बाजाराला निघालेल्या बायका सगळे होते. या खाड्यांवर आता पूल व्हायचे आहेत, ते झाले की गाववाल्यांची मोठी सोय होईल, व्हायलाच पाहिजेत, पण तोपर्यंत बोटीतून एकदा जाऊन या.

गुहागर सोडून हेदवीकडे जाताना बुलेटचं मागचं चाक डुलायला लागलं. खिळा. स्पोकची चाकं म्हणजे ट्यूबवाले टायर, हवा क्षणात गेली. माझ्या स्कूटरचे टायर ट्यूबलेस आहेत, त्यांना खिळा लागला तरी हवा हळूहळू जाते, दुकान गाठता येतं, दहा मिनिटात पट्टी घालून मोकळं. बुलेटचं तसं नाही. मी स्कूटरवर पुढे जाऊन चार किलोमीटरवर एक पंक्चरवाले शोधले आणि त्यांना हत्यारांसकट मागे बसवून घेऊन आले. साठीच्या पुढचे असतील, मागे बसता बसता विचारलं, "कुठनं आलाव?" पुणे म्हटल्यावर त्यांनी आधी स्कूटरकडे आणि मग माझ्याकडे बघितलं, पुढे काही बोलले नाहीत. चाक काढलं, टायर सोडवला, ट्यूब फुगवून गालाजवळ फिरवली आणि नुसत्या गालाला लागणाऱ्या हवेवर भोक शोधलं, कारण तिथे पाणी नव्हतं. पॅच बसवून परत सगळं जोडेपर्यंत सव्वा तास गेला. त्यांनी सांगितलेल्या पैशांपेक्षा जास्त दिले तर वरचे परत केले.

ज्यांच्याकडे स्पोकची चाकं आहेत त्यांनी आपल्या मापाची ट्यूब बरोबर ठेवाच. भावाच्या बुलेटची मागची १२०/८०-१८, हे माप खेड्यातल्या दुकानात मिळेलच असं नाही, पॅच बसला म्हणून निभावलं. ट्यूबलेसवाल्यांनी पंक्चर किट आणि छोटा पंप ठेवा, दोन्ही मिळून डबीएवढं सामान.

या सव्वा तासामुळे हेदवीचा दशभुज गणपती घाईत झाला आणि बामणघळ राहिली. बामणघळीत पाणी उसळतं ते भरतीलाच, तेव्हा वेळ बघून जा. तवसाळला पोचेपर्यंत ऊन कलतं झालं होतं. बोटी रात्रीपर्यंत चालतात पण शेवटच्या फेरीच्या भरवशावर दिवस आखू नका, निघताना तिकीटघरात फोन करून वेळ विचारा, भरती-ओहोटीने आणि गर्दीने थांबावं लागतं. जयगडला उतरून मालगुंडला मुक्काम, गणपतीपुळ्याला गर्दी वाटली म्हणून. सकाळी केशवसुतांचं स्मारक बघितलं, आईला त्यांची "तुतारी" पाठ आहे, तिने तिथेच उभं राहून म्हटली.

पेट्रोलचं: माझी टाकी पाच लिटरची, मायलेज ४७ च्या आसपास पडलं. हिशोब सोपा ठेवला, दीडशे किलोमीटर झाले की भरायचं, काटा काही म्हणो. माणगाव, श्रीवर्धन, दापोली, गुहागर, रत्नागिरी, चिपळूण, इतकी ठिकाणं धरली आणि श्रीवर्धन ते दापोली मध्ये पंप मिळणारच नाही असं समजून चाललो. रोख पैसे ठेवा, रेंज जिथे नाही तिथे यूपीआय पण नाही. नकाशा आधीच ऑफलाइन उतरवून घ्या, तरी फाट्यावर माणसाला विचारलेलं बरं, नकाशाने मला दोनदा पायवाटेला घातलं.

चौथ्या दिवशी आरेवारेचा रस्ता, एका बाजूला डोंगर आणि खाली दोन किनारे, तिथे वळणावर गाडी थांबवून फोटो काढू नका, पुढे थांबायला जागा आहे. रत्नागिरीत जेवलो आणि हातखंब्यावरून ६६ नंबरच्या हायवेने चिपळूण. संगमेश्वरच्या पट्ट्यात काम चालू होतं, डायव्हर्शन, धूळ, मध्येच संपणारं काँक्रीट. स्कूटरचं मागचं चाक दहा इंचाचं, असल्या कडांवर ते फार आपटतं, चाळीसच्या वर नेऊ नका आणि अंधारात तर अजिबात नको. भाऊ म्हणत होता त्याच दिवशी पुणे गाठू, मी आणि आई ठाम राहिलो आणि चिपळूणला झोपलो. पाचव्या दिवशी सकाळी कुंभार्ली घाट चढताना धुकं होतं, हात गारठले, तेव्हा किनाऱ्याच्या उकाड्यामुळे बॅगेत तळाशी गेलेले हातमोजे आणि जॅकेट वर काढून ठेवा. कोयनानगरला चहा, पाटण, उंब्रज, मग पुणे-बंगलोर हायवे. तिथे स्कूटर डाव्या कडेने एकसारखी पन्नास-पंचावन्नवर ठेवली आणि दर तासाला दहा मिनिटं थांबलो, जास्त आईच्या पाठीसाठी. ती सत्तावन्न वर्षांची आहे. बुलेटची मागची सीट तिला कडक वाटली, शेवटचे दोन दिवस ती स्कूटरवरच बसली, खाली चौघडी घातलेली शाल घेऊन.

घरी आल्यावर गोड्या पाण्याने दोन्ही गाड्या खालून नीट धुतल्या. मग ओळखीच्या मेकॅनिककडे ॲक्सेसचा मागचा ड्रम उघडून घेतला. शूवर एका बाजूला काच चढल्यासारखी चकाकी आली होती, ताम्हिणीची. दोन्ही शू बदलून टाकले. जानेवारीत रत्नागिरीपासून पुढे पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण करायचं ठरलंय, आईने कॅलेंडरवर तारखेला गोल करून ठेवलाय.