फॉर्म कोणी वाचून दाखवला?

दुपारी दीडला स्क्रीनिंग आटोपलं तेव्हा टेबलावर २३ खेळाडूंचे फॉर्म होते. त्यातला सगळ्यात स्वच्छ फॉर्मच खटकत होता. पीएचक्यू-९ म्हणजे नैराश्याची चाचपणी करणारी प्रश्नावली. तिचे नऊ प्रश्न आणि नऊच्या नऊ ठिकाणी शून्य, म्हणजे 'अजिबात नाही'. खेळाडू पूर्ण दृष्टिहीन धावपटू, स्पर्धा पंधरा दिवसांवर. ही प्रश्नावली गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारते. ऐन सरावाच्या दिवसांत एकदाही थकवा नाही, एकदाही झोपमोड नाही, हे कुठल्याही धावपटूच्या बाबतीत पचत नाही.

त्याला परत बोलावून एकच विचारलं, "फॉर्म कोणी वाचून दाखवला?"

"दादानं."

दादा म्हणजे त्याचा गाइड रनर. दोघं एकाच दोरीची दोन टोकं हातात धरून पळतात. बाहेरच्या बाकावर, रांगेतल्या पोरांच्या मधोमध, त्यानं प्रश्न मोठ्यानं वाचले आणि उत्तरांवर खुणाही त्यानंच केल्या. नववा प्रश्न असतो मरून गेलेलं बरं असं वाटण्याबद्दल, स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल. रोज ज्याच्या भरवशावर पळायचं त्याच्यासमोर याला 'हो' कोण म्हणेल? चूक त्या मुलाची नव्हती, दादाचीही नव्हती. छापील कागद पुढे सरकवून मोकळं होणाऱ्या आमची होती.

मग बंद खोलीत, त्याच्याच फोनवर, इअरफोन लावून फॉर्म पुन्हा भरायला दिला. इथंही पहिला प्रयत्न फसला. कागद स्कॅन करून पाठवला तर स्क्रीन रीडरला, म्हणजे फोनवरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, ते नुसतं चित्र दिसतं. चौकटींचा तक्ता केला तर तो 'ओळ तीन, स्तंभ दोन' असं वाचत सुटतो आणि प्रश्न कुठला होता तेच हरवतं. म्हणून एका पानावर एकच प्रश्न घेतला आणि उत्तराचे चारही पर्याय (अनुक्रमे ० ते ३ गुण) पूर्ण शब्दांत लिहिले: अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. स्क्रीन काळी करून घेतली, म्हणजे डोकावणाऱ्यालाही काही दिसत नाही. सुरुवातीलाच सांगून ठेवलं: "उत्तरं गुप्त राहतील, पण जिवाला धोका आहे असं वाटलं तर मला पुढं सांगावं लागेल." हे आधी सांगायचं असतं, उत्तर आल्यावर सांगणं म्हणजे दगाबाजी.

बेरीज आली १४. एकूण २७ पैकी १० किंवा त्याहून जास्त आले की सविस्तर मुलाखत घ्यायची असते. नवव्या प्रश्नावर होता १, म्हणजे 'काही दिवस'. इथं बेरीज बघतच नाहीत; नवव्यावर शून्य सोडून काहीही आलं की त्याच दिवशी, तो माणूस खोलीबाहेर पडण्याआधी बोलायचं. आडून नाही, सरळ: मरण्याचा विचार येतो का, कसं करायचं ते ठरवलंय का, साधन हाताशी आहे का, आधी कधी प्रयत्न केला होता का. असं विचारल्यानं डोक्यात विचार घुसतो, ही भीती निराधार आहे. योजना नव्हती, प्रयत्नही नव्हता. "सकाळी जाग येऊच नये, असं वाटतं," एवढंच म्हणाला. आणि लगेच: "मॅडम, दादाला नका सांगू. तो सोडून गेला तर मी पळणार कुणासोबत?"

उलट्या टोकाचा फॉर्म होता व्हीलचेअर बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलीचा. मज्जारज्जूला दुखापत, बेरीज १२. सुटे आकडे पाहिले तर झोप ३, थकवा ३, भूक २, एकाग्रता २, हालचाली मंदावणं १, उदास वाटणं १, कशात रस न वाटणं ०. बेडसोर होऊ नये म्हणून ती रात्री कूस बदलायला गजर लावून उठते. स्नायूंचा ताठरपणा कमी करायच्या गोळीनं झापड येते. प्रवासात वापरता येईल असं स्वच्छतागृह मिळेल की नाही याची खात्री नसते, म्हणून आदल्या रात्रीपासून खाणंपिणं तोडते. पण म्हणून आपल्या मनानं गुण वजा करायचे नाहीत. बेरीज तशीच ठेवून शेजारी कारण लिहायचं आणि मुलाखत घ्यायचीच. अपंगत्व आहे म्हटल्यावर असं व्हायचंच, या एका वाक्यानं कितीतरी खरं नैराश्य झाकलं जातं. तिला लघवीच्या तपासणीला पाठवलं, कारण संसर्गानंही असाच थकवा येतो. आणि बजावलं, की गोळी मनानं बंद करू नकोस. ताठरपणावरची ही गोळी, बॅक्लोफेन, एकदम तोडली तर झटके येऊ शकतात.

कर्णबधिर खेळाडूंसाठी सांकेतिक भाषेचा दुभाषी संघाबाहेरचा होता, तिथं अडलं नाही. बौद्धिक अक्षमता असलेल्या दोघांना पीएचक्यू दिलाच नाही. त्यांच्यासाठी ग्लासगोची २० प्रश्नांची वेगळी प्रश्नावली आहे, ती समोर बसून सावकाश विचारायची.

धावपटूसाठी मानसोपचारतज्ज्ञांची वेळ चारची मिळाली. सोबत कोण येईल, असं विचारल्यावर तो बराच वेळ इअरफोनची वायर बोटाला गुंडाळत बसला. मग म्हणाला, "आईला बोलावतो," आणि फोन स्वतःच लावला.

संध्याकाळी फॉर्मच्या डोक्यावर नवी ओळ घातली: 'प्रश्न कोणी वाचले? उत्तरं कोणी नोंदवली?' मदतनिसानं भरलेले आणखी ४ फॉर्म निघाले. ते बाद करून त्या चौघांना दुसऱ्या दिवशी सकाळी एकेकट्यानं बोलावलं.