तुम्ही विचारलंत म्हणून : कर्जतला इंजिन मागून का लावतात?

मुंबईहून पुण्याला गाडी निघाली की कर्जतला थांबते, मागून दोन इंजिनं येऊन चिकटतात आणि लोणावळ्याला सुटून जातात. कसाऱ्याला नाशिककडे जाताना तेच. प्रश्न नेहमीचा आहे: पुढचं इंजिन सहा हजारांहून जास्त अश्वशक्तीचं असताना मागे आणखी कशाला? आणि लावायचीच तर पुढेच का नाही लावत?

अश्वशक्तीवरून सुरुवात केली की घोळ होतो. घाटात अडतं ते चाकाच्या पकडीवर. कर्जत-लोणावळ्यामधला बोरघाट आणि कसाऱ्यापुढचा थळघाट, दोन्हींचा चढ 1:37 आहे, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर. अशा चढावर प्रत्येक टनामागे साधारण 27 किलोचा जोर नुसता गाडी मागे घसरू नये म्हणून लागतो. 24 डब्यांची भरलेली गाडी 1,200 टनांच्या आसपास, वर इंजिनाचे 123 टन. भागाकार केला तर 36 टन होतात. वळणं आणि चाकांचा विरोध धरून 40. डब्ल्यूएपी-7 सारखं इंजिन उभ्यावरून जास्तीत जास्त 33 टनांच्या आसपास ओढतं. त्यामुळे एकटं इंजिन अशी गाडी चढावर हलवूच शकत नाही.

मागून ढकलणाऱ्या या इंजिनाला बँकर म्हणतात. कागदावर एक बँकर पुरेल, तरी दोन लावतात. कारण पाऊस. कोरड्या स्वच्छ रुळावर 123 टनांचं इंजिन आपल्या वजनाच्या एक तृतीयांश जोर लावू शकतं. रूळ निसरडे झाले की हा आकडा झपाट्याने खाली येतो. मुसळधार पावसापेक्षा जूनमधली भुरभुर जास्त वाईट. धो धो पाऊस रूळ धुऊन काढतो, भुरभुरीत मात्र धूळ, तेल आणि पाणी यांचा लेप बसतो. चाक जागच्या जागी फिरायला लागलं की लोको पायलट जोर कमी करतो आणि चाकाखाली वाळू सोडतो. ही वाळू कोरडी आणि चाळलेलीच हवी. ओल धरली की नळीत गोळा होऊन बसते आणि नेमक्या गरजेच्या वेळी पडत नाही. जागच्या जागी फिरणारं चाक वेळेत आवरलं नाही तर रुळाच्या माथ्यावर भाजल्यासारखा खड्डा पडतो, आणि तो रूळ पुढे बदलावा लागतो.

आता "पुढेच का नाही?" याचं उत्तर मालगाडीत नीट दिसतं. 58 भरलेल्या वाघिणी (मालडबे) म्हणजे सुमारे 4,700 टन. लागणारी पाचही इंजिनं पुढे लावली तर पहिल्या कप्लिंगवर, म्हणजे इंजिन आणि पहिली वाघीण यांच्या जोडावर, 140 टनांच्या आसपास ओढ येते. ही कप्लिंग तुटली तर मागचा सगळा भार उताराला लागतो. शिवाय वळणावर इतक्या ताणाने हलक्या वाघिणी आतल्या बाजूला खेचल्या जातात. पाचपैकी तीन इंजिनं मागे नेली की पुढच्या दोघांच्या वाट्याला साधारण 23 वाघिणी ओढायला येतात, उरलेल्या 35 मागून ढकलल्या जातात. पहिल्या कप्लिंगवरची ओढ निम्म्याहून खाली येते, आणि कप्लिंग तुटलीच तर मागचा भाग बँकर धरून ठेवतात. माझ्या मते मागे लावण्याचं हे सर्वांत मोठं कारण आहे. वेळ वाचणं हा वरचा फायदा, कारण पुढच्या इंजिनाला हातच लावावा लागत नाही.

ढकलण्यातही धोका आहेच. पुढच्याने जोर सोडला आणि मागचे ढकलतच राहिले तर दाब मध्ये गोळा होतो, वळणावरची रिकामी वाघीण बाहेर फेकली जाऊ शकते. म्हणून रिकामी वाघीण बँकरच्या तोंडाशी नसलेली बरी. सुटताना पुढचा लोको पायलट एक छोटी शिटी देतो, मागचा तशीच देऊन उत्तर देतो, वॉकीटॉकी आहेच.

जोडणी मला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटते. बँकर आधी थोडं अलीकडे थांबतात, मग माणसाच्या चालीने येऊन टेकतात. कप्लिंग लागली की ब्रेकचा पाइप जोडून दोन्हीकडचे अँगल कॉक, म्हणजे पाइपाच्या टोकाच्या तोट्या, उघडायच्या. बँकरचं ब्रेक-नियंत्रण बंद ठेवतात, म्हणजे पाइपातला 5 किलोचा दाब फक्त पुढचं इंजिन राखतं. मग पुढून दाब उतरवून शेवटच्या बँकरच्या गेजवर काटा पडतो का ते बघायचं. एखादा कॉक बंद राहिला तर पुढे ब्रेक लागतो आणि मागच्यांना कळतच नाही, ते ढकलत राहतात. पाइप सलग असेल तर दाब पडताच बँकरची ओढ आपोआप तुटते. गाडीच्या शेवटाची खूणही आता शेवटच्या बँकरच्या मागे जाते.

उतरताना प्रश्न उलटा: गाडी आवरायची कशी. घाटात कॅच साइडिंग आहेत, म्हणजे न आवरलेली गाडी वळवून अडवायचे बाजूचे फाटे. त्यांचे रूळ बदलणारे सांधे एरवी साइडिंगकडेच वळवलेले असतात. गाडी ठरल्या जागी थांबली, म्हणजे ती ताब्यात आहे हे सिद्ध झालं, की मगच मुख्य मार्ग मिळतो.

गोव्यातल्या कुळेपासून कर्नाटकातल्या कॅसलरॉकपर्यंतचा चढही 1:37 चाच, आणि मुरगाव बंदरातला कोळसा वर चढवायला तिथेही बँकर लागतात.

बँकर बंद होतील का, असंही विचारतात. प्रवासी गाड्यांपुरतं काही ठिकाणी झालंच आहे. 2019 मध्ये मुंबईहून सुटणाऱ्या राजधानीला पुढे-मागे कायमची दोन इंजिनं मिळाली. 2023 मध्ये सोलापूर आणि शिर्डीच्या वंदे भारत बँकरशिवाय घाट चढू लागल्या, कारण त्यांच्या निम्म्या डब्यांखाली मोटरी आहेत आणि पकड गाडीभर वाटली जाते. वाघिणीखाली मोटर नसते. त्यामुळे कोळसा, सिमेंट, खत घाट चढत आहे तोवर कसाऱ्याच्या बाजूच्या रुळावर बँकर उभे दिसतील.