लाईट तर लागतेय की!

फेब्रुवारी-मार्च म्हणजे सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे दिवस. यार्डात शिरल्यावर हळद आधी नाकाला कळते, मग डोळ्यांना. एरवी "या सवडीनं" म्हणणारे अडते या दिवसांत "गाडी पाठवू का?" असं विचारतात. त्या दिवशी सकाळी नऊलाच फोन वाजला.

"काट्याची वायर कॉम्प्युटर घेत न्हाई. पन्नास पोती थांबल्यात ओट्यावर."

या पेढीची मांडणी मीच करून दिलेली. बाहेर ओट्यावर प्लॅटफॉर्म काटा. त्याच्या डिस्प्लेमागून नऊ पिनांची सिरियल वायर निघते, ती यूएसबी कन्व्हर्टरला जाते, म्हणजे काट्याचं बोलणं यूएसबीत बदलणाऱ्या डबीला. कॉम्प्युटर आत मुनीमजींच्या टेबलावर, म्हणून मधे तीन मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन. उंबऱ्यावरून, तरटाखालून आत गेलेली. पोतं काट्यावर ठेवलं की वजन आपोआप शेतकऱ्याच्या हिशोबपट्टीत उतरतं. हातानं आकडा टाकायचा नाही, हा मालकांचा नियम. एकदा ५२ चे २५ टाइप झाले होते आणि त्यावरून अर्धा दिवस कालवा झाला होता.

मी पोचलो तेव्हा मुनीमजींनी वही काढून पेनानं वजनं लिहायला सुरुवात केली होती. अथणीकडचे एक म्हातारे शेतकरी काट्याशेजारी उभे राहून डिस्प्लेवरचा प्रत्येक आकडा स्वतःच्या तळहातावर बॉलपेननं उतरवत होते. त्यांचा ना वहीवर विश्वास होता, ना कॉम्प्युटरवर.

स्क्रीनवर नेहमीचा संदेश होता : यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड. डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे जोडलेल्या वस्तूंची विंडोजमधली यादी, उघडला. पिवळा त्रिकोण, अननोन यूएसबी डिव्हाइस, डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड, कोड ४३. कन्व्हर्टरवरचा लाल दिवा मात्र छान लागलेला.

"लाईट तर लागतेय की," मालक म्हणाले. "म्हणजे वायर चांगली हाय."

मीही मान हलवली. ती चूक माझी.

मग नेहमीची पूजा सुरू केली. पुढच्या पोर्टातून काढून मागच्या पोर्टात घातलं, कारण पुढचे पोर्ट मदरबोर्डला आतून वायरीनं जोडलेले असतात आणि पुष्कळदा तीच सैल होते. फरक नाही. त्याच पोर्टात पेन ड्राइव्ह घातला, तो लगेच दिसला. कॉम्प्युटर बंद करून पिन भिंतीतून उपसली, पॉवर बटण दाबून धरलं, दोन मिनिटं थांबून पुन्हा चालू केला. वीज वाचवायला विंडोज यूएसबीला झोपवतं, ती सोयही बंद केली. त्रिकोण जागचा हलला नाही.

इथं माझी जुनी जखम आडवी आली. असल्या कन्व्हर्टरमध्ये ज्या चिपा असतात, त्यांतल्या एका चिपेच्या नकला बाजारात भरपूर आहेत. मूळ कंपनीचा नवा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ती चिप चालवायला लागणारा प्रोग्रॅम, नक्कल ओळखतो आणि चालायला नकार देतो. तेव्हा कोड १० येतो. या भानगडीत मी पूर्वी दोन दिवस घालवले आहेत. त्यामुळे डोळ्यांसमोर ४३ दिसत असताना डोक्यात १० च वाचलं गेलं. मोबाइलचं इंटरनेट जोडून जुना ड्रायव्हर उतरवला, नवा काढला, जुना घातला. पाऊण तास गेला.

खरं तर ड्रायव्हरची पाळी अजून आलेलीच नव्हती. यूएसबीला काहीही जोडलं की कॉम्प्युटर आधी विचारतो, तू कोण? जोडलेली वस्तू अठरा बाइटांचं उत्तर पाठवते, तोच डिव्हाइस डिस्क्रिप्टर. त्यात कंपनीचा क्रमांक असतो, वस्तूचा क्रमांक असतो. ते क्रमांक हातात पडल्यावर विंडोज ड्रायव्हर शोधायला निघतं. उत्तरच पोचलं नाही तर शंभर ड्रायव्हर घाला, उपयोग शून्य. हे मी माझ्या दुकानातल्या पोरांना दर महिन्याला सांगतो!

शेवटी माझा लॅपटॉप ओट्यावर नेला आणि कन्व्हर्टर उपसून त्याला लावला. क्षणात चालू. काट्यावरचं वजन लॅपटॉपवर धावायला लागलं.

"म्हणजे कॉम्प्युटर गेला?" मालकांचा चेहरा पडला.

"विंडोज नव्यानं टाकावं लागेल," मी म्हणालो. हे वाक्य आता आठवलं तरी कान गरम होतात. कन्व्हर्टर लॅपटॉपला लावताना मी एक नाही, दोन गोष्टी बदलल्या होत्या. कॉम्प्युटर बदलला आणि मधली एक्स्टेन्शनही गाळली. दोष मात्र कॉम्प्युटरच्या माथी मारून मोकळा झालो.

पोत्यांच्या थप्पीला टेकून एक वयस्क हमाल हे सगळं बघत होते. सगळे त्यांना तात्या म्हणतात. ते म्हणाले, "सायेब, गाडा गेला की जातंय बघा ते."

"कुठला गाडा?"

"ह्यो हातगाडा. उंबऱ्यावनं. मी चाक उचलून घेतो हितं, खाली वायर हाय म्हणून. मी जत्रेला गावाकडं हुतो आठ दिस. ह्या पोराला काय म्हाईत? त्यानं सरळ ढकललाय."

मुनीमजींनी मान वर केली. "तरीच! सारखा टुडुंग-टुडुंग वाजत होता कॉम्प्युटर. डोकं उठलं म्हणून मी आवाजच बंद केला."

यूएसबी सुटल्याचा-जोडल्याचा आवाज! आठ दिवस कॉम्प्युटर ओरडत होता आणि यांनी त्याचं तोंड बांधून ठेवलं होतं.

तरट उचललं. एक्स्टेन्शन वरून धडधाकट. एका जागी जराशी चपटी, बस. यूएसबीच्या साध्या वायरीत चार तारा असतात. लाल आणि काळी विजेच्या, हिरवी आणि पांढरी बोलण्याच्या. लाल-काळी शाबूत असली की दिवा लागतो. बाकीच्या दोघींबद्दल त्या दिव्याला काहीच ठाऊक नसतं.

उंबऱ्यावर बसल्या बसल्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. असला कन्व्हर्टर आपण आल्याची खबर देतो ती हिरव्या तारेवरून. तो ती तार दीड हजार ओमच्या रेझिस्टरमधून वर ओढून धरतो आणि कॉम्प्युटरला कळतं, कुणीतरी आलं. हिरवी तुटली असती तर कॉम्प्युटर गप्प बसला असता. संदेश नाही, त्रिकोण नाही. इथं तो तक्रार करत होता, म्हणजे दारावरची थाप त्याला ऐकू जात होती. पुढचं बोलणं दोन्ही तारांवरून चालतं, आणि तिथं गाडं अडत होतं. संशय पांढरीवर.

मल्टिमीटर बझरवर ठेवला, म्हणजे तार सलग असली की तो वाजतो, आणि दोन्ही टोकांच्या पिना एकेक करून तपासल्या. लाल वाजली, काळी वाजली, हिरवी वाजली. पांढरी गप्प. चपट्या जागी अंगठ्यानं वाकवलं की वाजायची, सोडलं की थांबायची.

दुसरी एक्स्टेन्शन टाकून तासाभरात मोकळं होता आलं असतं, पण उंबरा तोच आणि गाडाही तोच. म्हणून सिरियलची वायरच लांब केली. यूएसबीची वायर पाच मीटरच्या पुढं न्यायची नसते, सिरियल मात्र काट्याच्या संथ वेगाला पंधरा मीटर आरामात जाते. नऊ पिनांच्या कनेक्टरना तारा डकवल्या, चौकटीच्या वरून केसिंग पट्टीतून वायर आत घेतली आणि कन्व्हर्टर थेट कॉम्प्युटरच्या मागं लावला. पिवळा त्रिकोण गेला.

वजन तरीही येईना. मालकांनी कपाळावर हात मारून घेतला. हे मात्र मला अपेक्षित होतं. पोर्ट बदललं की विंडोज कन्व्हर्टरला नवा कॉम क्रमांक देतं, आणि सॉफ्टवेअर त्याला त्या क्रमांकानंच ओळखतं. आता तो कॉम ७ झाला होता आणि पेढीचं सॉफ्टवेअर कॉम ३ वर कान लावून बसलं होतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन क्रमांक पूर्वीचा केला.

तात्यांनी पोतं काट्यावर टाकलं. पट्टीवर वजन उमटलं. अथणीच्या आजोबांनी तळहात पट्टीशेजारी धरला, दोन्ही आकडे दोनदा वाचले आणि म्हणाले, "हां. चालू द्या."

जाताना बिल दिलं. मालकांनी चष्मा लावून वाचलं. "वायर ठीक, पट्टी ठीक. ही मजुरी तीन तासांची कशी?"

मी पेन घेतलं, तीनचे अडीच केले आणि म्हणालो, "एक तास लाईट बघण्यात गेला, तो आपण निम्मानिम्मा वाटून घेऊ."

"निम्मा कशाला?" ते म्हणाले. "इंजिनिअर तुम्ही हाय."

पैसे दोन तासांचेच मिळाले.