तबकडी फिरते, पण वाचत नाही

लॅपटॉपमधून सीडी-डीव्हीडीचा ट्रे हळूहळू नाहीसा झाला. अ‍ॅपलने २००८ मध्ये आणलेल्या मॅकबुक एअरला तो मुळातच नव्हता, आणि जाडी व वजन वाचवण्याच्या नादात पुढे इतरांनीही तीच वाट धरली. घरातल्या तबकड्या मात्र जिथल्या तिथेच राहिल्या. लग्नाचे शूटिंग, मुंजीचे फोटो, एमआरआयच्या पाकिटात फिल्मसोबत मिळालेली सीडी, हे सारे पाहायचे तर यूएसबीला जोडायचा बाहेरचा ड्राइव्ह हाताशी असावाच लागतो.

या ड्राइव्हचे रुसवे बहुतेक वेळा विजेचे असतात, हे माझे ठाम मत आहे. यूएसबी २.० च्या पोर्टकडून ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर मिळण्याची हमी असते, ३.० कडून ९००. आणि थांबलेली तबकडी वेग घेऊ लागते त्या क्षणी मोटरची भूक याहून मोठी असू शकते. मग ड्राइव्ह घरघरतो, टकटक करतो, गप्प होतो, पुन्हा घरघरतो, आणि डिस्क आत असतानाच संगणक आपल्याला डिस्क घालायला सांगतो. म्हणूनच काही ड्राइव्हच्या केबलला दोन तोंडे असतात. त्यांतले दुसरे निव्वळ वीज घेण्यासाठी असते आणि बहुतेक घरांत तेच टेबलाखाली लोंबत असते. हबमधून (एका पोर्टाची अनेक पोर्टे करणाऱ्या डबीतून) काढून दोन्ही तोंडे थेट संगणकात खोचली की निम्म्या तक्रारी मिटतात.

तरीही वाचले नाही, तर आपण तबकडीचा चकचकीत भाग डोळ्यांसमोर धरून ओरखडे शोधतो. वास्तविक सीडीवरची माहिती असते लेबलाच्या लगेच खाली, लाखेच्या पातळ थराआड. चकचकीत बाजूला १.२ मिलिमीटर प्लॅस्टिकचे संरक्षण असते. त्यामुळे लेबलावर बॉलपेनने दाबून लिहिलेले नावच सीडीच्या जिवावर उठू शकते. पुसायची तर मऊ कापडाने, मध्यापासून कडेकडे. गोलगोल पुसताना पडलेला ओरखडा माहितीच्या रेघेबरोबरच धावतो, आणि एवढी सलग तूट ड्राइव्हला भरून काढता येत नाही. ही रेघ आतून सुरू होऊन बाहेर जाते. त्यामुळे काठोकाठ भरलेल्या डीव्हीडीची कड खराब असली, तर मंगलाष्टके निर्विघ्न पार पडतात आणि चित्र पंगतीत अडकते.

फायली दिसतात पण सिनेमा लागत नाही, तेव्हा दोष ड्राइव्हचा नसतो. विंडोज ८ पासून डीव्हीडी चालवण्याची सोय मूळ विंडोजमध्ये राहिली नाही. व्हीएलसी हा फुकटचा प्लेअर घेतला की भागते. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेली डीव्हीडी मात्र वेगळ्याच कारणाने अडू शकते. सिनेमांच्या डीव्हीडी जगाच्या ठरावीक विभागांसाठी काढलेल्या असतात आणि ड्राइव्हचा विभाग जुळला तरच चालतात. तिथला विभाग १, आपला ५, आणि ड्राइव्हचा विभाग फक्त पाच वेळा बदलता येतो.

तबकडी बसवताना मधल्या गोलाशी बोटांनी दाबून ‘खट्’ आवाज ऐकावा, नाहीतर ती आत खडखडते. ट्रे उघडेनासा झाला, तर केबल काढून समोरच्या बारीक छिद्रात सरळ केलेली पेपरक्लिप हलकेच खुपसावी. ट्रे बोटभर पुढे येतो. खाचेतून तबकडी गिळणाऱ्या देखण्या ड्राइव्हना बहुधा हे छिद्रही नसते, म्हणून विकत घेताना मी गबाळ्या ट्रेवाल्यालाच पसंती देतो.